मांडीवर की टेबलावर?

दिवाळी उरकल्यानंतरचा शनिवार. सकाळचे साडेनऊ. गंगापूर रोडवरचा आमचा ठरलेला मिसळ अड्डा. रस्सा आला, पाव आले, दही आलं आणि मी बॉम्ब टाकला. "बोनस आणि साठवलेले मिळून दीड लाख जमलेत. मी गेमिंग लॅपटॉप घेतेय!"

झालं! टेबलाची सरळ फाळणी.

"वेडी आहेस का? एवढ्या पैशात असेम्बल कर. रॉकेट येईल, रॉकेट!" एक पार्टी म्हणाली.

"आणि उद्या पुण्याला जावं लागलं तर? सीपीयू काय डोक्यावर घेऊन जाणार ती?" दुसरी पार्टी.

"सीपीयू म्हणजे तो डबा नव्हे रे, डब्याच्या आतली चिप," असा एक क्षीण आवाजही आला. त्याच्याकडे नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही. मिसळ गार झाली, निर्णय काही झाला नाही.

मंडळी, हा वाद तुमच्याही ग्रुपमध्ये कधी ना कधी झालाच असेल. दीड लाख म्हणजे माझा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. आयुष्यातली पहिली मोठी खरेदी, तीही 'खेळायला'! घरी काय तोंड दाखवणार? त्यात त्याच आठवड्यात ऑफिसचा मेल येऊन पडला होता: नव्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस पुण्याच्या ऑफिसात हजेरी लावा. नाशिक-पुणे सुमारे २१० किलोमीटर. बसने पाच तास, चाकणला अडकलात तर पुढचं देवच जाणे. म्हणजे प्रश्न नुसता मशीनचा नव्हता. पुढची दोन-तीन वर्षं मी कुठे असणार, हाही प्रश्न त्यात होता. आणि त्याचं उत्तर कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं.

तरी दुकानापासूनच सुरुवात केली.

नाव तेच, माल वेगळा

कॉलेज रोडवरच्या एका चकाचक शोरूममध्ये शिरले. "भावासाठी बघताय का, मॅडम?" हा पहिला प्रश्न. (मुलींनो, याची सवय करून घ्या. नाही तर सरळ सांगा, "नाही, भावाला हरवण्यासाठी.") लॅपटॉपवर स्टिकर होता, आरटीएक्स ५०७०. मग कॅनडा कॉर्नरजवळच्या एका असेम्बलवाल्या दादांकडे गेले. त्यांच्या कोटेशनवरही आरटीएक्स ५०७०. मला वाटलं, चला, ग्राफिक्स कार्ड तर सारखंच आहे, आता बाकीचं बघू.

इथेच आपण फसतो, बॉस!

टेबलावरच्या पीसीत बसणाऱ्या ५०७० मध्ये ६,१४४ कोअर असतात, स्वतःची १२ जीबी मेमरी असते आणि ते २५० वॉटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपमधल्या ५०७० मध्ये कोअर ४,६०८, मेमरी ८ जीबी, आणि वीज साधारण ५० ते १०० वॉट. नाव एक, पण दोन वेगळी कार्डं. पूर्वी लॅपटॉपच्या कार्डाच्या नावापुढे 'एम' अक्षर लावायचे, त्यामुळे निदान कळायचं तरी. २०१६ साली जीटीएक्स १० मालिका आली आणि ते 'एम' गेलं.

त्यातही ते '५० ते १००' नीट वाचा. लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या कार्डाला किती वॉट द्यायचे ते ठरवते. अंग बारीक असेल तर गरमी बाहेर काढायला जागा नाही, म्हणून वॉट कमी, म्हणून वेग कमी. एकच स्टिकर लावलेल्या दोन लॅपटॉपमध्ये जाडजूड आणि कुरूप दिसणारा सुसाट पळतो आणि सडपातळ देखणा दमतो, याचं कारण हेच. त्यामुळे शोरूममध्ये "कुठलं कार्ड आहे?" एवढं विचारून थांबू नका. "त्याला किती वॉट मिळतात?" हे विचारा. सेल्समन गडबडला तर कंपनीच्या साइटवर शोधा.

मग पीसी जिंकला का? थांबा. असेम्बलवाल्यांचं कोटेशन बहुतेक वेळा डब्यापाशी संपतं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, हेडफोन, वेबकॅम, यूपीएस हे सगळं त्याच्यावर. मदरबोर्डवर वायफाय आहे का, हे विचारायचं मी विसरले होते. अनेक स्वस्त बोर्डांवर ते नसतं! आणि विंडोज? "ते टाकून देतो ना," असं दादा हसत म्हणाले. टाकून देतो म्हणजे काय, ते आपल्याला २००० सालापासून माहीत आहे. पायरेटेड विंडोजवर ऑफिसचं लॉगिन आणि बँकेचा पासवर्ड टाकणार असाल तर तुमच्या हिमतीला सलाम. लायसन्सचे पैसे हिशेबात धराच. लॅपटॉपमध्ये हे बहुतेक सगळं आधीच आलेलं असतं. तुलना करायची तर पूर्ण ताटाशी पूर्ण ताटाची करा.

बॅटरी, लाइट आणि तो मोठा प्लग

"पण लॅपटॉपला बॅटरी असते!" असते ना. हिशेब करू. गेमिंग लॅपटॉपमध्ये समजा ८० वॉट-तासाची बॅटरी आहे. खेळताना प्रोसेसर, कार्ड आणि स्क्रीन मिळून १६० वॉट खाणार असतील तर बॅटरी अर्ध्या तासात खल्लास. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच सगळा वेग खाली आणतो. बॅटरी थोडी जास्त टिकते, पण तुम्ही लाखभर रुपये मोजून घेतलेली ताकद गायब! थोडक्यात, गेमिंग लॅपटॉप कुठेही नेता येतो, पण खेळायला भिंतीवरचं सॉकेट लागतंच. शिवाय अडीच किलोच्या आसपास लॅपटॉप आणि वर विटेएवढा अॅडॉप्टर. पाच तासांच्या बस प्रवासात हे मांडीवर घेऊन बघा एकदा.

तरीही बॅटरीचा एक फायदा मान्य केलाच पाहिजे. लाइट गेली तर लॅपटॉप बंद पडत नाही. पीसीचं तसं नाही. मी शहाणपणा करून ६०० व्हीएचा साधा यूपीएस आणला. एका रात्री ऐन लढाईत लाइट गेली, यूपीएसने एकदा 'टीं' केलं आणि जीव सोडला. चूक त्याची नव्हती. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, आणि माझा पीसी मॉनिटरसकट खेळताना ४०० च्या घरात. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॉट बघा आणि आपल्या गरजेच्या दीडपट तरी घ्या. त्याच्यावर खेळ चालू ठेवायचा नसतो, सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता तो हवा.

दुसरी गंमत प्लगची. पॉवर सप्लायच्या बॉक्समधून निघाली जाड पिनांची १६ अँपिअरची वायर. माझ्या खोलीत सगळे छोटे सॉकेट! घरात मोठं सॉकेट एकच, वॉशिंग मशीनचं. आई म्हणाली, "मग आता कपडे धुवायचे की खेळायचं, ते ठरवा." इलेक्ट्रिशियनला बोलावून खोलीत पॉवर पॉइंट करून घेतला. तो खर्चही कोटेशनमध्ये नव्हता. काही तगड्या गेमिंग लॅपटॉपबरोबरही असाच मोठा प्लग येतो, त्यामुळे लॅपटॉपवाल्यांनी फार हसू नये.

विजेच्या बिलाचं टेन्शन मात्र वाटतं तेवढं नाही. ४०० वॉटचा पीसी अडीच तास चालला की एक युनिट. रोज तेवढं खेळलात तर महिन्याला ३० युनिट, लॅपटॉपला साधारण त्याच्या निम्मे. उन्हाळ्याचं म्हणाल तर नाशिक आता पूर्वीचं थंड नाशिक राहिलेलं नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. लॅपटॉपचे इवलेसे पंखे तेव्हा मिक्सरसारखे ओरडतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये हवेला वाट असते, त्यामुळे आवाज कमी. पण गरम हवा तुमच्याच खोलीत येणार, हे दोन्हीकडे सारखंच.

बिघडलं तर? जुनं झालं तर?

लॅपटॉपची वॉरंटी साधारणपणे एक वर्षाची. जास्त हवी असेल तर वेगळे पैसे. पण पत्ता एकच. काहीही बिघडो, एका कंपनीला फोन करायचा. पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला बहुधा तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायला त्याहूनही जास्त. ऐकायला झक्कास! पण बिघाड नेमका कशात आहे हे शोधणार कोण? तो पार्ट सर्व्हिस सेंटरला धाडणार कोण? म्हणून माझा सल्ला: असेम्बल करायचं तर आधी माणूस निवडा, मग पार्ट.

"मुंबईला जा, लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतं," असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतोच. खोटं नाही. सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड गाठलं की ती जत्रा समोर. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते विचारलंत तर दुकानदारही गोंधळेल.) दहा दुकानांत भाव काढायला आणि काय काय मिळतं ते डोळ्यांनी बघायला जरूर जा. पण दोन-तीन हजार वाचवून प्रत्येक तक्रारीसाठी पंचवटीचं तिकीट काढणार असाल तर हिशेब पुन्हा करा. मी भाव तिथले आणि ऑनलाइन पाहिले, ते नाशिकच्या दादांना दाखवले, थोडी घासाघीस केली आणि पक्कं बिल इथेच घेतलं. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं बिल! ते नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे नुसता शब्द.

आता जुनं होण्याचं. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बहुतेक वेळा बोर्डवरच डकवलेलं असतं. तीन वर्षांनी ते अपुरं पडलं तर अख्खा लॅपटॉप बदला. पीसीत फक्त कार्ड बदलायचं. एक उदाहरण देते. २०१७ मध्ये एएम४ सॉकेटचे मदरबोर्ड आले. त्यातल्या अनेक बोर्डांवर २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी हा प्रोसेसर नुसतं बायोस अपडेट करून चालतो. पाच वर्षांनी त्याच डब्यात नवा जीव! फक्त 'नंतर अपग्रेड करू' म्हणणारे सगळे खरंच करतात का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. जिममध्ये वर्षाचे पैसे भरणारेही आपणच.

भावाचा भरवसा तर कुणीच देऊ शकत नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवान्याची अट घातली. बाजारात पळापळ झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या अटीला ऑक्टोबरअखेरपर्यंतची मुदत मिळाली. तो झटका लॅपटॉपवाल्यांना. मग २०२५ च्या अखेरीस मेमरीचा झटका बसला. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप हव्यात, आणि आपली रॅम बनते ती त्याच कंपन्यांच्या कारखान्यांत. त्या वर्षी उन्हाळ्यात जेवढ्या पैशात ३२ जीबी रॅम येत होती, तेवढ्यात डिसेंबरमध्ये १६ जीबीसुद्धा येईना. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पीसीचा एक फायदा कळतो. जे महाग आहे ते आता कमी घ्यायचं, बाकीचं नंतर. मी १६ जीबीची एकच स्टिक लावली, दुसरीची जागा मोकळी ठेवली. एका स्टिकवर थोडा वेग कमी मिळतो. चालतंय की!

चार आठवड्यांची वही

इतकं सगळं कळूनही माझं काही ठरत नव्हतं. स्पेसिफिकेशन बघितलं की पीसी, पुण्याचा मेल आठवला की लॅपटॉप. शेवटी बाबा म्हणाले, "घरखर्चाची वही असते ना, तशी वेळेची वही ठेव." बाबा अकाउंट्समध्ये होते. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नावर एक वही असते.

मग चार आठवडे रोज लिहून ठेवलं. आज कॉम्प्युटर कशासाठी वापरला? कुठे बसून? किती वेळ? ऑफिसचं काम सोडून, कारण त्याला ऑफिसचा लॅपटॉप आहेच. आणि त्यावर खेळायची परवानगी नाहीच. (आयटीवाल्यांना सगळं दिसतं, मंडळी!)

चार आठवड्यांत मी २६ वेळा माझ्या स्वतःच्या कामाला किंवा खेळायला बसले. त्यातल्या २४ वेळा जागा एकच, माझ्या खोलीतलं टेबल. उरलेल्या दोन वेळा मावशीकडे, आणि तिथेही सिनेमाच बघितला. कॅफेत बसून कॉफी पीत गेम खेळणारी मी फक्त माझ्या डोक्यात होते. वहीत ती कुठेच नव्हती.

आमच्या ग्रुपमधल्या एकाने दोन वर्षांपूर्वी गेमिंग लॅपटॉप घेतला होता, 'कुठेही नेता येतो' म्हणून. आज तो लॅपटॉप झाकण मिटून टेबलावर पडलेला असतो. बाहेरचा मॉनिटर, बाहेरचा कीबोर्ड, चार्जर कायम लावलेला. म्हणजे त्याने पीसीच घेतला, फक्त महाग आणि हळू! उलट ऑफिसातली एक मैत्रीण गेल्या तीन वर्षांत हैदराबाद, पुणे आणि आता बंगलोर करून आली. पीजीतली अर्धी खोली, टेबलसुद्धा नाही. तिने लॅपटॉप घेतला, आणि तिने शंभर टक्के बरोबर केलं. दोघांची मशीन जवळपास सारखी, पण एकाची खरेदी चुकली आणि दुसरीची जमली. फरक आहे तो त्यांच्या वह्यांमध्ये.

आता खरं सांगते, वहीचे ते चार आठवडे मला महागात पडले. तेवढ्यात रॅम वर गेली. पण घाईत चुकीची वस्तू घेण्यापेक्षा हे नुकसान मला परवडलं.

दुकानात जाण्याआधी

• लॅपटॉप घेणार असाल तर: कार्डाला किती वॉट? रॅम बोर्डवर पक्की आहे की स्लॉटमध्ये? दुसऱ्या एसएसडीला जागा? अॅडॉप्टर धरून वजन किती? नाशिकमध्ये सर्व्हिस सेंटर आहे का?

• पीसी घेणार असाल तर: कोटेशन मॉनिटर, यूपीएस आणि विंडोजसकट मागा. मदरबोर्डवर वायफाय? पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा? (पैसे वाचवायला इतर शंभर जागा आहेत, ही नाही.) खोलीत १६ अँपिअरचं सॉकेट?

• दोन्हीसाठी: ईएमआय घेताना 'नो कॉस्ट' या शब्दाखालची बारीक अक्षरं वाचा. प्रोसेसिंग फी आणि हुकलेला डिस्काउंट हाही खर्चच.

• पीसी कधी हलवावा लागला तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ बॉक्समध्ये ठेवा. तो बॉक्स फेकू नका. डबा बसच्या डिकीत टाकू नका. ओळखीच्या कुणाची तरी गाडी शोधा.

आणि मग...

मी पीसी घेतला. डिसेंबरातल्या एका रविवारी दादांच्या दुकानात तीन तास बसून तो जोडताना बघितला. दोन स्क्रू मी स्वतः पिळले. घरी आणला तेव्हा बाबांना २००६ चा आमचा पहिला असेम्बल्ड कॉम्प्युटर आठवला. त्याला आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं आणि त्या खोलीत चपला घालून जायला बंदी. मी त्यावर रोड रॅश खेळायचे आणि बाबा पत्ते. ते म्हणाले, "याला पण कव्हर शिवायचं का?" मी म्हटलं, "बाबा, याचे दिवे दिसायला पाहिजेत!"

आई काहीच बोलली नाही. खोलीत इलेक्ट्रिशियन तो मोठा पॉइंट बसवत होता, ती दारात उभी राहून बघत होती. तो गेल्यावर हळूच म्हणाली, "एवढं सगळं भिंतीत पक्कं करून घेतलंस. म्हणजे इथेच राहणार ना आता?"

पुण्याच्या मेलबद्दल मी घरी नीट बोललेच नव्हते. तिला कुठून तरी कळलं होतं, आणि महिनाभर ती विचारत नव्हती. मला मात्र हा महिनाभर गीगाबाइटचा आणि वॉटचा प्रश्न वाटत होता.

मग बसून सगळं सांगितलं. दोन दिवस पुणे, बाकीचे घरून. एक वर्ष असं करून बघणार. नाही झेपलं तर पुढच्या वर्षी पुन्हा वही काढू. तिने मान हलवली. "बरं," म्हणाली, "मग बसमध्ये खायला काय करून देऊ?"

आता दर मंगळवारी पहाटे ऑफिसचा हलका लॅपटॉप सॅकमध्ये असतो, डब्यात थालीपीठ असतं. बुधवारी रात्री उशिरा घरी पोचते. पीसी टेबलावर तसाच असतो, आणि त्याच्यावर धूळ नसते. ती कोण पुसतं, हे मी अजून विचारलेलं नाही.